उसाची मोळी आणि माझी खोटी साक्ष

मी उसाला भितो. घ्या, लिहून टाकलं. कोल्हापुरात जन्मलो, इथंच वाढलो, तीस वर्षं ह्या जिल्ह्यातले सगळे रस्ते गाडीखाली घातले. आवाज असा की गल्लीच्या ह्या टोकाला खाकरलो तर त्या टोकाचं कुत्रं उठतं. आणि असा गडी उसाला भितो. वाघाला भ्यालो असतो तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. पण वाघ राजारामपुरीत येत नाही, ऊस येतो. दिवाळी झाली की पार होळीपर्यंत जिकडं बघाल तिकडं तोच.

माझी सतरा सीटची गाडी होती. लग्नाची वऱ्हाडं, शाळेच्या सहली, जोतिबाला जाणारी माणसं, कुणीही बोलवावं. आम्ही ख्रिस्ती. माझा बाप चर्चची घंटा वाजवायचा आणि मी त्या घंटेच्या दोराला लोंबकळत वाढलो. तरी जोतिबाच्या यात्रेला अर्धी गल्ली माझ्याच गाडीतनं जायची. त्यात त्यांना काही वाटायचं नाही, मलाही नाही.

त्या फेब्रुवारीत एक वऱ्हाड गारगोटीकडं सोडून मी रिकामी गाडी घेऊन परत निघालो होतो. दुपारचे चार वाजलेले. बिद्रीच्या जवळ एका वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. कुठला, कुणाचा, मला माहीत नाही. त्यावर गाणं एवढं मोठ्यानं लावलेलं की माझा हॉर्न कुणाला ऐकू जाणार? मी गाडी बाजूनं काढायला गेलो. घाई माझी होती, हे कबूल करतो. मागच्या ट्रॉलीचं डावं चाक खडीच्या ढिगावर चढलं आणि अख्खी ट्रॉली माझ्या अंगावर कलली.

पुढचं मला आवाजानं आठवतं. आधी काच फुटली. मग पत्रा वाकला. मग ऊस आत यायला लागला, पोतं ओतल्यासारखा, थांबेचना. पायापासनं छातीपर्यंत ऊस, डोक्याला टेकलेलं छत, मानेत घुसलेलं पाचट. भर दुपारी आत अंधार झाला. आणि वास! फुटलेल्या उसाचा तो गोड, हिरवा, ओला वास. श्वास घेतला की तोच आत. डावा पाय कुठं आहे ते कळेना. थोड्या वेळानं मानेवर मुंग्या चढल्या. त्या रसाला आल्या होत्या, पण मला वाटलं, मी मेलो आणि ह्या मला न्यायला आल्या.

आता खरं सांगतो, जे मी बरेच महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी प्रार्थना केली नाही. संडेस्कूलमध्ये बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र सहाव्या वर्षी घडाघडा म्हणून बक्षीस घेतलेला मी. तेव्हाच्या आमच्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "हे विसरू नको, संकटात कामाला येतं." आणि मरणाच्या दारात तोंडातनं काय आलं? शिव्या. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या संपल्यावर उसाच्या, मग रस्त्याच्या, आणि शेवटी वर बघून, म्हणजे त्या वाकलेल्या पत्र्याकडं बघून, देवाच्या. स्तोत्राची एक ओळ आठवली नाही. एक शब्द नाही.

बाहेर ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई होती, बोलण्यावरनं बीडकडची वाटली. तिला माझा आवाज ऐकू गेला. "हितं हाय माणूस, जित्ता हाय!" असं ओरडली आणि उसात हात घालून एकेक कांडं उपसायला लागली. सारखी म्हणायची, "ओरडत ऱ्हा, दादा. शिव्या दे, काय बी दे, पर गप नगं बसू." मी गप्प बसलो नाही. तासा-दीड तासानं तिनं आणि तिच्या टोळीनं मला बाहेर ओढलं. तिचा चेहरा मी बघितलाच नाही. हात तेवढे दिसले, पातीनं चिरलेले.

पाय दोन महिन्यांत बरा झाला, जरासं लंगडणं राहिलं. भीती मात्र घरात ठाण मांडून बसली. गाडी दुरुस्त होऊन दारात आली, तिच्यावर मी ताडपत्री टाकली आणि चावी बायकोच्या डब्यात ठेवली. एकदा राजारामपुरीत औषधं आणायला गेलतो. एका वळणावर उसाच्या रसाची रसवंती. चरकाचे घुंगरू वाजले, वास आला, आणि माझा श्वास छातीत अडकला. हात भिजले, डोळ्यांपुढं अंधारी. एका दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारली. चार माणसं जमली. "पावणं, काय झालं? चक्कर आली व्हय?" आणि आमच्या गावचा चांगुलपणा बघा, त्या रसवाल्यानं धावत येऊन रसाचा ग्लासच माझ्या तोंडाला लावला. "घ्या, घ्या, तरतरी येईल!" मी ग्लास उडवून लावला आणि लंगडत पळालो. मागनं तो म्हणालेलं मी ऐकलं, "काय माणूस हाय का कोण! भलं करायला जावं तर!" त्याचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, असं होतं म्हणाले, वेळ लागेल म्हणाले. गोळ्या घेतल्या. पण भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती, ती डॉक्टरांना सांगायची नव्हती. मरणाच्या वेळी ज्याचं नाव तोंडात येत नाही, तो आपला कसला? पन्नास वर्षं रविवारी पांढरा शर्ट घालून बसलो ते सगळं काय होतं, नुसती सवय? पुन्हा असं काही झालं तर मी त्या अंधारात एकटाच असणार. ह्या विचारानं भर दुपारी, जेवताना, हातातला घास तसाच राहायचा. बायको विचारायची, "अवं, काय झालं?" मी खेकसायचो, "काय न्हाय. जेव तू."

चर्चमध्ये तर आणखी पंचाईत. प्रत्येक जण हात हातात घेऊन म्हणायचा, "देवानं वाचवलं तुम्हाला, किती प्रार्थना केली असेल तुम्ही आत!" मी मान हलवायचो. न केलेल्या प्रार्थनेचं कौतुक स्वीकारत फिरत होतो.

मग पाऊस आला. आणि इथं मी ती चूक केली जी फक्त आमच्याकडचा माणूस करू शकतो. जून गेला, जुलै गेला, मला धाप लागेना. रस्त्यावर निघालो, काही नाही. गाडीवरची ताडपत्री काढली, रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो, हात थरथरले नाहीत. मला वाटलं, गेली! भीती गेली! अहो, जाईल नाही तर काय, कारखाने बंद होते! उसाचा हंगामच नव्हता. रसवाला सुद्धा पावसात मक्याची कणसं विकत होता. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीला सांगायचं. मी उभा राहिलो. बोलायला लागलो आणि बोलतच गेलो. म्हणालो, मी उसाखाली गाडला गेलो तेव्हा लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणत होतो, पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. म्हणालो, प्रभूनं माझी सगळी भीती काढून घेतली. पहिलं धडधडीत खोटं, दुसरं मला खरं वाटत होतं. सगळे "आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावर आमच्या संडेस्कूलच्या बाई बसल्या होत्या, आता पंच्याऐंशीच्या पुढं, काठी घेऊन. स्तोत्राचं नाव काढलं तशा त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी खाली बसलो तर बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तिला घरातला मी माहीत होतो.

दिवाळी झाली. एका सकाळी दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावर उसाची ट्रॉली उभी. मी जागच्या जागी खिळलो. पुन्हा तेच, भिजलेले हात, अडकलेला श्वास, मानेवर मुंग्या. मुंग्या नव्हत्याच, पण मी मान चोळत राहिलो. दूध न आणताच घरी आलो आणि कॉटवर बसून रडलो, मोठ्यानं, माझ्या त्या थोरल्या आवाजात. बायकोला तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं, शिव्यांचं आणि साक्षीचंही. ह्या वेळची भीती आधीपेक्षा वाईट होती, कारण आता मी देवाच्या नावानं खोटं बोललेला माणूस होतो.

आणि तेवढ्यात आला कापणीचा सण. आमच्यात वर्षातनं एक रविवार पिकाबद्दल देवाचे आभार मानतात. जो तो काहीतरी घेऊन येतो, भोपळा, तांदूळ, केळीचा घड, कुणी कोंबडी. आणि ह्या जिल्ह्यात पीक म्हटलं की ऊस. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या करून वर शेंडे एकत्र बांधतात, त्याची कमान होते. लहानपणी त्या कमानीखालनं पळायला मला फार आवडायचं. सणाच्या आठवडाभर आधी पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. यंदा पहिली मोळी तुमच्या खांद्यावरनं वेदीपाशी यायची. ज्या उसातनं देवानं तुम्हाला काढलं, तोच ऊस तुम्ही त्याला अर्पण करायचा. केवढी साक्ष होईल, नाही का?"

मला वाटलं, ह्या माणसाच्या अंगावर कपबशी फेकावी. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो! इतक्या मायेनं कुणी माझा जीव घ्यायला निघालं नव्हतं. मी म्हणालो, "बरं."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "जाऊन खरं सांगा की. ते काय खाणार हाईत व्हय तुम्हास्नी?"

"तोंड दाखवायला जागा राहील काय मला? म्हणतील, घंटेवाल्याचा पोरगा, चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलला."

"मग मोळी उचलणार व्हय?"

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. रोज ठरवायचो, आज ताप आलाय म्हणून सांगू, उद्या पाय दुखतोय म्हणून सांगू. रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. प्रार्थना करायला डोळे मिटले की पाचटच दिसायचं.

रविवारी सकाळी बायकोनं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. चर्चच्या दारात मोळी तयार होती, ताजी, शेंड्यासकट, मधोमध बांधलेली. दोघांनी उचलून माझ्या खांद्यावर दिली. पेटी वाजायला लागली, सगळे उभे राहून गायला लागले, आणि मी त्या मधल्या वाटेनं निघालो.

चार बाकं गेली. पाचव्या बाकापाशी मोळी जरा घसरली आणि पाचट माझ्या मानेला लागलं. झालं. गाणं लांब गेलं. वास आला. उजेड कमी झाल्यासारखा वाटला, छत खाली आल्यासारखं वाटलं. मला पुढं पाऊल टाकता येईना, मागं वळता येईना. आता मी सगळ्यांसमोर मरणार, एवढं एकच डोक्यात. मोळी खांद्यावरनं सुटली, फरशीवर आपटली, ऊस इकडंतिकडं घरंगळले. मी त्यांच्या मध्येच खाली बसलो, कानांवर हात ठेवून. एकेक करून गाणं थांबलं. पेटी सगळ्यात शेवटी थांबली.

पाळकसाहेब धावले. मी त्यांचा हात झटकला आणि ओरडलो. माझा आवाज, त्यात चर्चची भिंत, केवढं मोठं घुमलं ते! "मी खोटं बोललो! मी आत स्तोत्र म्हणत नव्हतो! मी शिव्या घालत होतो! मला भ्या वाटतंय, रोज वाटतंय, आत्ता बी वाटतंय!"

एक लहान पोर रडायला लागलं. मग काठीचा आवाज आला, टक, टक, टक. पुढच्या बाकावरनं बाई उठून आल्या होत्या. त्यांना खाली बसता येत नाही. त्यांनी शेजारच्या बाकाची कड धरली आणि माझ्यासमोर वाकून उभ्या राहिल्या.

"कुणाला शिव्या दिल्यास?"

"ट्रॅक्टरवाल्याला."

"आणि?"

"उसाला. रस्त्याला."

"आणि?"

मी मान खाली घातली. "देवाला बी."

"काय म्हणालास त्याला?"

"बाई, ते चर्चमध्ये कसं सांगू?"

"सांग. त्यानं ऐकलंय आधीच. आम्हीच ऐकायचं राहिलंय."

मी म्हणालो, "म्हणालो, झोपलायस काय रं? मी हितं मरतोय आणि तू झोपलायस काय? बघ की हिकडं..." त्याच्या पुढचा शब्द मी गिळला.

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ह्या मला हाकलणार. पण त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय." आणि मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण गोड गोड तेवढंच पाठ करून घेतलं. मेंढपाळाचं घेतलं, हिरव्या कुरणाचं घेतलं. बायबलात निम्मी स्तोत्रं ह्यानं म्हणलं तसलीच हायत. झोपलास का, उठ की, किती दिवस तोंड फिरवून बसणार. ती मी पोरांना शिकवलीच न्हाईत. म्हटलं, भितील." मग माझ्याकडं वळल्या. "न शिकवता म्हणालास की रं तू. आणि ऐकलं कुणी?"

"कुणी न्हाई."

"मग बाहेर कसा आलास?"

चिरलेले ते दोन हात माझ्या डोळ्यांपुढं आले. ओरडत ऱ्हा, दादा. गप नगं बसू. मी शहाण्यासारखा मनातल्या मनात स्तोत्र म्हणत बसलो असतो, तर तिला कसं कळलं असतं की ह्या ढिगात माणूस आहे? इतके महिने मी ज्याची लाज बाळगली, त्याच आवाजाच्या मागानं ती आली होती. मी हे सगळं बोललो, की नुसताच हुंदके देत होतो, आठवत नाही. बायको शेजारी येऊन फरशीवर बसली होती आणि तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता, एवढं आठवतं.

मोळी पुन्हा बांधली. कुणीतरी म्हणालं, तुम्ही बसा, आम्ही नेतो. मी म्हणालो, नको. बुडख्याकडचं एक टोक मी धरलं, बाकीची चार-पाच जणांनी. पाळकसाहेबांनी स्वतः शेंड्याकडं हात लावला, त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. हात इतके भिजलेले की ऊस सटकत होता. भीती गेली नाही, सांगून ठेवतो, अजूनही गेलेली नाही. आजही ट्रॉली दिसली की मी गाडी कडेला घेतो, ती जाईपर्यंत थांबतो, आणि मोठ्यानं देवाशी बोलतो. बाजूनं जाणारे बघतात. बघू देत.

उपासना संपल्यावर रिवाजाप्रमाणे उसाची कांडी करून सगळ्यांना वाटली. मी अंगणात घंटेखाली उभा होतो, शक्य तेवढा लांब. बाई काठी टेकत आल्या, हातात उसाचं एक सोललेलं कांडं. ते माझ्यापुढं धरलं.

"मला दात न्हाईत. तू खाऊन सांग, यंदाचा कसा हाय."

मी ते घेतलं. वास आला. बाई माझ्याकडं बघत होत्या, घाई नव्हती त्यांना. मी चावलो. रस तोंडात आला, हनुवटीवरनं ओघळला, डोळ्यांतलं पाणी त्यात मिसळलं.

"भ्या वाटतंय?"

"व्हय."

"आणि ऊस?"

"गोड हाय, बाई," मी म्हणालो.